कुठल्या डोळ्याची बाहुली

त्या पत्राला सरांनी उत्तर दिलं नव्हतं. विसरले होते असं मात्र मुळीच नाही. उत्तर न देता ते त्या पत्रात जितके गुंतून पडले होते, तितके उत्तर देऊन गुंतले नसते.

पत्र डोंगरापलीकडच्या एका लहान रुग्णालयातल्या सर्जनबाईंचं होतं. ‘तुम्ही मला ओळखणार नाही,’ बाईंनी लिहिलं होतं. ‘मी शेवटच्या बाकावर बसायची आणि प्रश्न विचारायला घाबरायची. आता इथे मी पोटं उघडते, हाडं जोडते, अडलेल्या बायका सोडवते. फक्त डोक्याला हात लावायचं धाडस होत नाही. आमच्याकडे स्कॅनचं मशीन आलं आहे, पण चित्र बघून पुढचं सांगणारं कुणी नाही. मोठ्या शहरात पोचायच्या आधी, रस्त्यातच आमची माणसं दगावतात. मी फोनवर चित्र पाठवलं तर तुम्ही बघाल का? इथेच उघडायचं की पुढे पाठवायचं, एवढंच सांगा.’

सर म्हणजे मेंदूचे सर्जन. बोटांना बारीकसा कंप सुटल्याचं सगळ्यांत आधी त्यांच्याच लक्षात आलं, आणि दुसऱ्या कुणाच्या लक्षात यायच्या आत त्यांनी सुरी खाली ठेवली. तेव्हापासून ते घरी पुस्तकांत बसून असत. सर ही त्यांची हुद्द्याची हाक आता घरादाराची झाली होती. दूधवालाही सर म्हणे, आणि चिडली की बायकोही.

उत्तर लिहायला ते बसले नव्हते असं नाही. एकदा नम्र नकार लिहिला, तो इतका नम्र झाला की होकारासारखा वाटू लागला. मग होकार लिहिला, तर त्यात इतक्या अटी घातल्या की वाचणाऱ्याला तो नकारच वाटावा. दोन्ही कागद फाडले. खरी अडचण अशी होती, की रोग्याच्या उशाशी बसल्याशिवाय त्यांनी कधी कुणाचं डोकं उघडलं नव्हतं. डोळ्यांत बॅटरी मारून बघायचे, हात दाबून बघायचे, घरच्यांशी बोलायचे, आणि सगळं झालं की पुन्हा पहिल्यापासून. विद्यार्थ्यांनी त्यांचं नाव ‘पुन्हासर’ ठेवलं होतं. असा माणूस तळहाताएवढ्या फोनमधल्या चित्रावरून कुणाच्या जिवाचा निर्णय देणार?

“अहो, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा,” बायको म्हणायची. “त्या पोरीला किती ताटकळत ठेवणार?”

“विचार करतोय.”

“ऑपरेशनच्या वेळी इतका विचार केला असतात तर पेशंट टाके पडायच्या आत म्हातारे झाले असते.”

अशा बोलण्यावर सर पुस्तकाचं पान उलटत. कधीकधी चुकून मागचं.

एका दुपारी जेवणं आटोपून बायको नुकती लवंडली होती, तोच घरातला जुना फोन वाजला. तिनेच उचलला. दोन वाक्यं ऐकली आणि हाक मारली ती अशी, की सर चप्पल एका पायात घालूनच बाहेरच्या खोलीत आले.

“ती पत्रवाली आहे,” रिसीव्हरवर हात ठेवून बायको म्हणाली. “रडत नाहीये, पण रडायची बाकी आहे.”

सरांनी रिसीव्हर कानाला लावला. पत्राबद्दल काय बोलावं ते सुचेना, म्हणून ते फक्त “हं, बोला” म्हणाले.

बाईही पत्राबद्दल काही बोलल्या नाहीत. “सर, आमचा अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. कप्तान म्हणतो आम्ही त्याला. गाडीचा टप धुताना पाय घसरून पडला, डोकं पायरीच्या काठावर आपटलं. क्षणभर शुद्ध गेली, मग उठून बसला. चहा प्यायला. मला म्हणाला, बाई, डोकं आहे म्हणून आपटलं, डॉक्टरांचं असतं तर नुसता आवाज आला असता. सगळे हसलो, सर. मग डोकं दुखतंय म्हणाला, उलटी झाली, आणि आता हाक मारली तर डोळे उघडत नाही. एक बाहुली मोठी झालीय. नाडी मंद लागतेय.”

“स्कॅन?”

“केलाय. मोठ्या रुग्णालयातले मेंदूचे सर्जन दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकलेत, सुटल्यावर बघतो म्हणाले. तोवर... गाडी काढली तरी शहरात पोचेपर्यंत दिवस मावळेल. सर, तुम्ही चित्र बघाल?”

पत्रातलाच प्रश्न. आता मात्र त्याला नम्र नकारही नव्हता आणि अटींचा होकारही नव्हता.

“पाठवा,” सर म्हणाले, आणि लगेच गडबडले. त्यांचा स्वतःचा फोन बटणांचा होता. त्यावर चित्र येणं शक्यच नव्हतं.

“माझ्यावर पाठव गं,” म्हणत बायकोने रिसीव्हर ओढून घेतला आणि आपला नंबर सांगितला.

तिच्या फोनवर बहिणीच्या घरच्यांनी सकाळपासून फुलं, सुविचार आणि कुत्र्याच्या नव्या पिलाचे फोटो पाठवून ठेवले होते. त्यांच्याच रांगेत टुणकन आवाज करत कप्तानचं डोकं येऊन बसलं.

सर चष्मा पुसून वाकले. दोन बोटांनी चित्र मोठं करायला गेले तर बोटांच्या कंपाने ते इकडून तिकडे उड्या मारू लागलं. “सोडा तुम्ही,” बायको म्हणाली आणि तिने चित्र मोठं करून त्यांच्यासमोर धरलं.

बघायला फार काही लागलं नाही. कवटीच्या आतल्या बाजूला चिकटून, मसुराच्या मोठ्या दाण्यासारखा फुगीर, पांढरा डाग. साकळलेलं रक्त. त्याने मेंदू दाबला होता, मधली रेघ पार पलीकडे ढकलली गेली होती. अशा माणसाला गाडीत घालणं म्हणजे त्याला निरोप देणंच.

“पाठवू नका,” सर फोनवर म्हणाले. “आत्ता उघडावं लागेल. इथे, म्हणजे तिथे. तुमच्याकडे.”

“मी कधी डोकं उघडलेलं नाही, सर.”

“हाडाला भोक पाडायचं यंत्र?”

“मांडीच्या हाडासाठीचं आहे. हाताने फिरवायचं.”

“तेच उत्तम. भूल देणारे?”

“आहेत. तुम्ही फोनवर राहाल ना? आम्ही फोन लावतो, तुम्हाला सगळं दिसेल.”

“राहीन.”

“बाजू, सर?”

स्कॅनच्या चित्रात माणूस आपल्यासमोर तोंड करून असल्यासारखा असतो. त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. सरांचं अख्खं आयुष्य अशी चित्रं बघण्यात गेलेलं. डाग चित्रात उजवीकडे होता.

“डावी,” ते म्हणाले.

“डावी. केस काढायला सांगते. तयार झालो की करते फोन.”

फोन बंद झाला. बायकोने पाण्याचा पेला पुढे केला. सरांनी तो घेतला आणि तसाच धरून बसले.

“काय झालं? सांगितलंत की छान.”

“छान सांगितलं,” सर म्हणाले. “पण विचारायचं राहिलं.”

“काय?”

“एक बाहुली मोठी झालीय म्हणाली. कुठल्या डोळ्याची?”

रक्त ज्या बाजूला साकळतं, बहुतेक वेळा त्याच बाजूच्या डोळ्याची बाहुली मोठी होते. वैद्यकीच्या पोराला पहिल्याच परीक्षेत विचारतात ते. उशाशी असते तर सरांनी तो डोळा आधी बघितला असता आणि चित्र मग. आज मात्र चित्र टुणकन पुढ्यात आलं, आणि त्यांची इतक्या वर्षांची रीत एका आवाजासरशी मागे पडली.

“मग विचारा की!”

“तसं नाही ते. ती आत्ता कशीबशी उभी आहे. सर सांगतायत म्हणून उभी आहे. सुरी हातात घ्यायच्या वेळी सरच डळमळले तर तिनं काय करायचं? आणि डावीच असणार. चित्र स्वच्छ आहे.”

“स्वच्छ आहे ना? मग तुमचं तोंड असं का झालंय?”

आयुष्यभर सरांच्या शंकेला लोक हसले होते. सहकारी म्हणायचे, हा माणूस घराला कुलूप लावून पुन्हा आत जाऊन बघेल, मी आत राहिलो नाही ना. खरं होतं ते. आणि ज्या शंकेची त्यांना जन्मभर लाज वाटत आली, तीच आता पुन्हा समोर येऊन बसली होती. विचारावं तर त्या मुलीचा धीर सुटायचा, न विचारावं तर...

“तुमच्या शंकेपायी अजून कुणी मेलेलं नाही,” बायको म्हणाली. “जेवणं गार झाली, गाड्या चुकल्या, माझी माहेरची लग्नं बुडाली. पण मेलं कुणी नाही. लावते मी फोन.”

तिने लावलाच. फोन तिकडच्या सिस्टरने उचलला. बाई हात धूत होत्या, सिस्टरने फोन त्यांच्या कानाशी धरला.

“बाहुली कुठल्या डोळ्याची मोठी आहे?” सरांनी विचारलं. नमस्कार नाही, प्रस्तावना नाही.

“उजव्या, सर.”

सरांनी पेला खाली ठेवला.

“ढिला हात कुठला?”

“डावा.”

“मार कुठे लागलाय? सूज?”

“उजव्या कानाच्या वर.” नळ वाहत असल्याचा आवाज तेवढा येत राहिला. “सर, मला ते खटकलं होतं. पण तुम्ही डावी म्हणालात.”

“आणि चित्र तुम्ही पाठवलंत म्हणून मी डावी म्हणालो. फोटो काढला कोणी? कसा?”

स्कॅनच्या खोलीतल्या माणसाला बोलावलं गेलं. तो धावत आला, त्याचा श्वासही फोनवर ऐकू येत होता. “साहेब, फिल्म बघायच्या पेटीचा दिवा गेलाय. म्हणून दाराच्या काचेला चिकटवली. आतून फोटो काढला तर त्यात माझंच तोंड उमटत होतं. मग बाहेर पॅसेजमध्ये जाऊन काचेच्या पलीकडून काढला. एकदम क्लिअर आला.”

“पलीकडून,” सर म्हणाले.

“हो साहेब.”

“आणि कोपऱ्यातली अक्षरं? बाजूची खूण?”

“कडेला पेशंटचं नाव असतं ना. बाहेरच्या फोनवर नाव जाऊ द्यायचं नाही असा नियम आहे. म्हणून कड कापून पाठवला.” एवढं बोलून तो थांबला. त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते इकडे दोघांना जणू दिसत होतं. “अरे देवा. साहेब, उलटं गेलं काय?”

“फोटो उत्तम आहे,” सर म्हणाले. “फक्त पाठीमागून आहे. आता जा, फिल्म दिव्यासमोर सरळ धर आणि डॉक्टरांना खूण दाखव. त्यांच्या डोळ्यांनी बघू दे.”

तो गेला आणि आला. बाईंनी बघितलं. “उजवी आहे, सर. डावीकडचे केस काढून झालेत.”

“केस काय, येतील परत. सुरी लागली नाही ना?”

“नाही.”

“मग उजवीकडचे काढा. आणि हे बघ,” सर आपोआप अहो-जाहोवरून खाली उतरले, “मी सांगतो म्हणून ऐकू नकोस. खटकलं की बोल. मी इथे खुर्चीत बसलोय, तो तुझ्यासमोर आहे.”

थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला, तो चित्रासकट. तिकडे फोन सलाइनच्या दांड्याला चिकटपट्टीने बांधला होता. हिरव्या कापडाचा चौकोन, त्यात उघडी, पिवळसर कातडी, आणि हातमोजे घातलेले बाईंचे दोन हात. इकडे बायको फोन धरून बसली. सरांच्या हातात चित्र ठरलं नसतं, हे दोघांनाही न बोलता ठाऊक होतं.

“कानाच्या पुढे, गालाच्या हाडाच्या वर. हं. सरळ खाली. खालपर्यंत जा, हाड लागेपर्यंत. रक्त येईल. डोक्याची कातडी फार भांडकुदळ असते, दाबून धरलं की गप्प बसते.”

“लागलं हाड. चीर दिसतेय, सर. हाड तडकलंय.”

“मग आपण बरोबर दारात आहोत. यंत्र घे. सरळ उभं धर. भार देऊ नको, फक्त फिरव. तुझ्या मांडीच्या हाडासारखं जाड नाही हे.”

यंत्र फिरू लागलं. हाडाचा भुगा कडेला जमू लागला. सिस्टर वरून पाण्याची धार सोडत होती. सर पुढे वाकले होते, आणि त्यांचाही उजवा हात हवेत हळूहळू फिरत होता. बायकोच्या ते लक्षात आलं.

“अजून?”

“अजून. सावकाश. आता आवाज बदलेल.”

आणि नेमकं तेव्हाच चित्र गोठलं. बाईंचा हात होता तिथेच थिजला, पाण्याची धार अधांतरी राहिली. आवाज तेवढा येत होता.

“सर? थांबू?”

बायकोने फोन हलवला, खिडकीशी नेला, परत आणला. चित्र ढिम्म.

“मला दिसत नाहीये,” सर म्हणाले.

“सर, मग मी...” पलीकडून यंत्र थांबल्याचं कळलं. “चित्र येईपर्यंत थांबते.”

थांबायला कप्तानकडे वेळ नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. सरांनी डोळे मिटले. पूर्वी अवघड जागी ते असेच क्षणभर डोळे मिटत, आणि मदतनिसांना वाटे, सर घाबरले. ते घाबरलेलेच असत.

“चित्र नको मला,” ते म्हणाले. “चित्राने एकदा फसवलंच आहे. तू बघ आणि मला सांग. भोकाच्या तळाशी काय आहे?”

“पांढरं. हाडच आहे अजून. मधे एक निळसर ठिपका.”

“केवढा?”

“मोहरीएवढा.”

“म्हणजे पातळ कवच उरलंय. पाव फेरा दे. पुन्हा बघ.”

“ठिपका मोठा झाला. सर, यंत्र अडखळतंय.”

“काढ ते बाहेर. आता त्याचं काम नाही. बारीक चिमट्याने कवच उचल.”

चिमटा हाडावर खरवडल्याचा आवाज आला. मग बाईंच्या तोंडून एक दीर्घ ‘आ’ बाहेर पडला, आणि मागून सिस्टरचा आवाज, “बाई गं!”

“काळं येतंय, सर. घट्ट काळं रक्त. आपोआप येतंय बाहेर.”

“येऊ दे. त्याला बाहेर आणायलाच गेलोय ना आपण? आता हाडं कुरतडायचा चिमटा घे, भोक मोठं कर, रुपयाएवढं, त्याहून थोडं मोठं. पाणी सोड, शोषून घे. ओढाताण नको.”

मग ती सांगत गेली आणि ते ऐकत गेले. मधे एकदा लाल धार उडाली तेव्हा तिचा आवाज चिरकला. पण सरांनी विचारायच्या आत तिनेच सांगितलं की रक्तवाहिनी दिसतेय, आणि तिनेच ती धरून बांधली. “बांधली, सर,” ती म्हणाली, तेव्हा सरांनी नुसतं “हं” केलं.

“बाहुली बघायला सांग,” थोड्या वेळाने ते म्हणाले.

भूल देणाऱ्यांनी कापडाखाली वाकून बघितलं असावं. ते काय बोलले ते इकडे ऐकू आलं नाही. बाईंनी सांगितलं, आणि सांगताना त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीसारख्या बोलल्या.

“लहान होतेय, सर. उजवी.”

“कुठली?”

“उजवी, सर. उजवी!”

“बरं. पुन्हा बघायला सांग.”

“बघितली पुन्हा. लहान झालीय.”

बायकोने फोन टेबलावर ठेवला. गोठलेलं चित्र अजून तसंच होतं, यंत्र धरलेला एक हात आणि न पडलेलं पाणी. तिने पदर शोधावा तसा रुमाल शोधला आणि सरांना दिला. त्यांनी तो घेऊन चष्मा पुसला, बाकी काही पुसायचं असलं तरी.

संध्याकाळी कप्तानला शहरातल्या सर्जनांकडे पाठवलं. त्यांनी जखम बघितली, आणखी काही करायला फारसं उरलं नाही म्हणाले. पुढल्या दिवशी बाईंचा फोन आला.

“शुद्धीवर आला, सर! पहिला प्रश्न काय विचारला माहितीये? माझी गाडी कुणी चालवत आणली, गिअर घासल्याचा आवाज मला बेशुद्धीत ऐकू येत होता. आणि दुसरा प्रश्न, डावीकडे भोक नाही तर डावीकडची हजामत कशासाठी?”

“काय सांगितलंत?”

“म्हटलं, दोन डॉक्टरांचं एकमत व्हायला वेळ लागला.”

सर हसले. खूप दिवसांनी मोठ्याने हसले. बाई मग कप्तानच्या बहिणीने मानलेल्या आभारांबद्दल बोलल्या, पेटीचा दिवा बदलल्याबद्दल बोलल्या. स्कॅनवाला आता प्रत्येक फोटोआधी अक्षरं सरळ आहेत ना म्हणून मोठ्याने वाचतो, त्याबद्दलही बोलल्या. पत्राबद्दल एक अक्षर नाही. रागाने नाही, भिडेपोटी. ‘डावी’ म्हणून सरांनी तिला जे करायला लावलं होतं, तेच ती पुन्हा करत होती. मोठ्या माणसाला अडचण नको म्हणून प्रश्न गिळत होती. फोन ठेवल्यावर सरांना तेच लागलं.

ते टेबलाशी बसले आणि कागद ओढला.

‘तुमच्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर झाला,’ त्यांनी लिहिलं. ‘मी घाबरलो होतो, आणि अजूनही घाबरतोच. तरी चित्रं पाठवा. मी बघेन. फक्त एक करा. चित्राआधी माणूस सांगा. तो कसा पडला, काय बोलला, कुठला डोळा, कुठला हात. हे सगळं सांगून झालं की मग चित्र. दोन्ही जुळलं नाही तर मी पुन्हा विचारेन, तुम्हीही पुन्हा विचारा. मी चुकतो आहे असं वाटलं तर ते मनात ठेवू नका. दुपारी बायको झोपते, पण तुमचा फोन आला तर उठेन म्हणाली आहे. मी नवा फोन घेणार होतो. ती म्हणते नको, हात तुमचे थरथरतात, धरायचा मलाच.’

एवढंच झालं. अटी शोधून पाहिल्या तर एकच निघाली. सरांनी पत्र वाचलं. मग साहजिकच पुन्हा वाचलं. ‘घाबरतोच’ हा शब्द बरा आहे का, असा विचार करत ते पेन उचलणार, तेवढ्यात बायकोने पाकीट पुढे धरलं.

“फोन करून सांगितलं असतंत तर एव्हाना तिला कळलंही असतं.”

“तिनं पत्र लिहिलं होतं,” सर म्हणाले.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत ते एकटेच गेले. पेटीच्या तोंडाशी पाकीट अर्धं आत, अर्धं बाहेर असताना हात एकदा थांबला. पत्ता वाचला. बरोबर होता. पुन्हा वाचायचा मोह झाला, पण तोवर बोटांनी पाकीट सोडलं होतं.